भर नदीतली चूल

कृष्णातच्या बाहीला ज्वारीचं पीठ लागलेलं रंगूबाईनं पाहिलं. पलटणीतून महिन्याच्या रजेवर आलेला नवरा. त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा, चुलीकडं तर तो फिरकतही नव्हता. मग पीठ आलं कुठून? भाकरी थापणाऱ्या बाईच्या शेजारी बसल्याशिवाय बाहीवर पीठ उडत नाही. कुंडलच्या माहेरी आणि पिंपरवडीच्या सासरी मिळून हजारो भाकऱ्या थापलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं.

त्यात चार दिवस तो ताटावरून लवकर उठत होता. "भूक न्हाई," म्हणायचा. पलटणीतल्या गड्याला भूक नाही म्हणजे तो दुसरीकडं जेवून येत होता.

विचारावं तर सोय नव्हती. घरात चौदा माणसं. नवराबायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलणं हा त्या घरात चावटपणा समजला जाई. कृष्णात भावांबरोबर सोप्यात झोपायचा, रंगूबाई माजघरात सासूच्या उशाला. सहा वर्षांच्या संसारात ती दोघं जेवढं बोलली असतील, तेवढं बाजारात वांगी घेताना बोलणं होतं.

इकडं सासू साळूबाईचा तपास वेगळाच चालला होता. पिठाचा डेरा रोज दोन-दोन ओंजळींनी उतरत होता. म्हणून तिनं लेकाची लोखंडी पेटी उघडली, तर आत दोन नव्या इनामेलच्या ताटल्या, एक तवा आणि पांढरी चादर. चौदा माणसांच्या घरात कोण शहाणा दोनच ताटल्या आणतो?

तिनं रंगूबाईला परड्यात गाठलं.

"येगळी चूल मांडायचा बेत हाय न्हवं? सरळ सांग की!"

"कुणाची येगळी चूल?"

"तुझी आन त्याची! तवा घेतलाय, ताटल्या घेतल्यात. माझ्या डेऱ्यातलं पीठ बी निगालंय."

रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. "येगळं निगायचं असतं तर मला ठावं नसतं का, आत्याबाई? मला म्हाईतच न्हाई!"

सून नाही, तर मग ही चूल मांडायची कुणाबरोबर? एवढं उमगायला फार अक्कल लागली नाही. सहा वर्षांत कशावरच एकमत न झालेल्या त्या सासूसुनांचं त्या दिवशी परड्यात, शेणीच्या ढिगाशेजारी, पक्कं एकमत झालं.

खरी गोष्ट अशी होती की कृष्णात बिघडला होता, पण वेगळ्याच कारणानं. लढाईत त्याची पलटण मिसर देशात होती. तिथं नाईल नदीत एका पांढऱ्या नावेवर तो पहारा करत असताना त्याच्या साहेबानं मावळतीच्या वेळी मडमेला जेवण दिलं. टेबलावर चादर, दोन ताटं, आणि वाढायला स्वतः साहेब. मडम हसत हसत जेवत होती. ते बघताना कृष्णातला आठवलं, की आपण रंगूला कधी जेवताना पाहिलेलंच नाही. भाकरी थापताना पाहिली, वाढताना पाहिली, भांडी घासताना पाहिली. जेवायची ती सगळ्यांच्या मागून, माजघराच्या कोपऱ्यात, निवलेली चतकोर आणि मडक्याचं खरवडलेलं कालवण. त्याला बंदुकीसकट रडू आलं. मंगळवारी रजा संपत होती. पुढं ब्रह्मदेशाची आघाडी. तिथून माणूस परत येतो की नुसती तार येते, याची खात्री नव्हती. त्याआधी एकदा, एकदाच, रंगूला आपल्यासमोर ऊन ऊन जेवताना पाहायचं होतं.

घरात ते जमणार नव्हतं. रानात बांधाबांधाला डोळे होते. शेजारी नसलेली एकच जागा उरली, ती म्हणजे कृष्णा नदी. तो होडीवाल्या इमामकडं गेला.

"ऐतवारी दिवस बुडायच्या टायमाला होडी पायजे. दोनच मानसं."

इमामनं विडी कानावरून काढली. "पल्याड जायाचं?"

"न्हाई. मधी जाऊन थांबायचं."

"मधी काय हाय?"

"काय न्हाई. म्हणूनच जायाचं. कुणाला बोलू नगंस."

ज्या माणसाला कुठंच जायचं नाही त्याला होडी कशाला, हे इमामला पटेना. शेवटी कृष्णातला सगळं सांगावं लागलं. इमाम बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "भाकरी कोन थापनार?"

"मी."

"येती?"

येत नव्हती. म्हणून चार दिवस इमामच्या छपरात शिकणं चाललं. पहिली भाकरी तव्याला चिकटली, दुसरी हातातच फाटली, आणि पुढच्या सगळ्या दोघांनी मिळून गुपचूप खाऊन टाकल्या. भूक कशी राहणार?

आता गावात तिसराही एक संशयी जीव होता, जमादार लालासाहेब. बेचाळीसनंतर भूमिगत पोरांनी पोलिसांची झोप उडवली होती. जादा भाकरी नेणाऱ्यावर नजर ठेवा, असा वरून हुकूम होता. रविवारी सकाळी सरकारचा शिपाईगडी कृष्णात काखेत कोंबडं आणि हातात पिठाचा डबा घेऊन नदीकडं जाताना त्यानं पाहिला. दुपारी जमादार टोपीखाली ओलं फडकं घालून घाटाजवळच्या लव्हाळ्यात जाऊन बसला. डासांनी त्याला फोडून काढलं, पण बढतीच्या आशेनं त्यानं ते सोसलं.

बेतात एक कच्चा दुवा होता. रंगूला सांगणार कोण? ते काम इमामच्या बायकोनं, अख्तरबीनं पत्करलं. पाणोठ्यावर ती कुजबुजली, "सांजंला घाटावर ये. एकलीच. कारन इचारू नगंस."

रंगूबाईला वाटलं, नवऱ्याचं लफडं अख्तरबीला बघवलं नाही, म्हणून तिनं त्या दोघांची जागा सांगितली. ती तडक सासूकडं गेली.

दिवस कलता दोघी घाटावर आल्या. होडी नदीच्या मध्यावर उभी होती. कोंबडं शिजत आलं की इमामनं होडी आणून रंगूला न्यायचं, असं ठरलं होतं. पण वारा सुटला आणि होडीतली चूल विझू लागली, म्हणून इमामनं अख्तरबीचं जुनं लुगडं आडोशाला धरलं होतं. काठावरून दिसलं ते एवढंच: पांढरी चादर, दोन ताटल्या, गुडघ्यावर बसलेला कृष्णात आणि फडफडणारं हिरवं लुगडं.

"बया बया बया!" साळूबाई म्हणाली. "हिरवं नेसलीया सटवी!"

होडी गावात एकच होती. पण काठाला भाऊसोच्या गुऱ्हाळाची काहील पालथी पडली होती. गूळ उकळायची ती भली मोठी कढई. पावसाळ्यात गाव तिच्यातूनच नदी पार करायचं. दोघींनी ती पाण्यात ढकलली आणि साळूबाईनं वेळू हातात घेतला. तेवढ्यात लव्हाळ्यातून सुजलेल्या तोंडाचा जमादार बाहेर आला.

"थांबा! सरकारी काम हाय!"

"आमचं घरचं हाय," साळूबाई म्हणाली. "बसा मुकाट्यानं मधी."

काहील कधी सरळ जात नाही. ती आधी स्वतःभोवती फिरते आणि मन झालं तर पुढं सरकते. जमादाराला एकदा गाव दिसे, एकदा देऊळ, एकदा हिरवं लुगडं, की पुन्हा गाव. चौथ्या फेऱ्याला त्यानं साळूबाईचे पाय धरले. तशीच भेलकांडत काहील होडीवर जाऊन आदळली आणि तिघंही वर चढली.

"कुठं हाय ती?" रंगूबाई ओरडली.

"कुठं हायत ते?" जमादार ओरडला.

"कुठं हाय चूल?" साळूबाईनं विचारलं.

तिन्हींपैकी चूल तेवढी सापडली. इमामनं लुगडं खाली केलं, तर मागं इमामच. कृष्णातच्या दोन्ही हातांना पीठ होतं आणि हातात नकाशासारखी भाकरी.

"त्वा थापलीस?" साळूबाईला खाली बसावं लागलं. "ह्याच्यासाटनं घातला व्हता व्हय तुला पलटनीत?"

कृष्णात खाली मान घालून उभा राहिला. पण मंगळवार जवळ होता. तो म्हणाला, "सा वर्सं झाली लगनाला, आई. हिला जेवताना मी कवा बगितली न्हाई. जायच्या आदी बगायची व्हती."

जमादारानं टोपी काढली आणि काढली कशाला हे न कळून पुन्हा घातली.

मग साळूबाईच म्हणाली, "आता कोंबडं निवत घालू नगा. रंगू, आदी जमादारास्नी वाढ."

रंगूबाईनं सवयीनं सगळ्यांना वाढलं. पुरावा तपासायचा म्हणून जमादार पोटभर जेवला, इमाम जेवला, साळूबाईनं नावं ठेवत ठेवत एक भाकरी संपवली. रंगूबाईला मडक्याच्या तळाचा रस्सा उरला, घरच्यासारखाच. कृष्णातचा चेहरा उतरला. त्यानं डबा उपडा केला, तर एका भाकरीचं पीठ निघालं. त्यानं ती थापली, भाजली आणि तव्यावरून थेट तिच्या ताटलीत टाकली.

ताटली घेऊन रंगूबाईनं कोपरा शोधला. पुढं जमादार, मागं इमाम, मध्ये सासू. होडीला माजघर नसतं. शेवटी ती कृष्णातच्या समोरच बसली.

पहिला घास तिनं लाजत घेतला. दुसरा भुकेनं. तिसऱ्याला तिनं कांद्याचा कचकन चावा घेतला. रस्सा झणझणीत होता, तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा हात घातला. चावताना तिच्या डाव्या गालाला खळी पडत होती. ही खळी कृष्णातला सहा वर्षांत ठाऊक नव्हती.

"बगू नगंस रं एवढं," साळूबाई म्हणाली. "घास अडकंल तिचा."

ताटली लख्ख झाली. रंगूबाईनं मान वर केली आणि सासूसमोर, सरकारसमोर, नवऱ्याशी थेट बोलली.

"कच्ची हुती. आनखी एक टाका."

पीठ संपलं होतं. कृष्णात डब्याकडं बघत राहिला. तेव्हा जमादार खाकरला. त्यानं कोटाच्या खिशात हात घातला आणि पुरावा म्हणून दाबून ठेवलेली भाकरी गुपचूप तिच्या ताटलीत ठेवली.

होडी घाटाला लागली. सासूसुना पुढं, कृष्णात मागं अशी माणसं घरी निघाली. जमादार मात्र बुटाची दोरी बांधत मागं रेंगाळला.

"इमाम, येत्या ऐतवारी होडी मोकळी हाय का रं?"

इमामनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाय की. कशापायी?"

"ते इचारू नगंस. दोनच मानसं." जमादारानं इकडंतिकडं बघून आवाज आणखी खाली आणला. "आन त्या कृष्णाताला जायच्या आदी जरा इचारून ठेव. भाकरीचं पीठ कढत पान्यात भिजवायचं, का गार?"