चंद्राक्काच्या गालावरचा डाग

एका जंगलात, पोरांनो, लालतोंड्या माकडांची टोळी राहायची. नाकं पुसा आणि ऐका.

रोज दुपारी टोळीतल्या बाया ओळीनं बसायच्या आणि पुढचीच्या अंगावरच्या उवा वेचायच्या. हीच त्यांची भिशी, हेच हळदीकुंकू. जिची पाठ कुणी वेचेना, ती टोळीतून उठलीच म्हणून समजा.

चंद्राक्काची जागा सगळ्यांत पुढे. एक दिवस तिच्या गालावर मसुराएवढा तपकिरी डाग दिसला.

"अगं बाई, गोचीड!" तिची जाऊ हौसा नखं परजून धावली. ओढलं, खरवडलं. गोचीड काही निघेना.

"मग रोगच आहे," असं म्हणून हौसा दोन हात मागे सरकली. तिच्याबरोबर अख्खी ओळ सरकली. चंद्राक्का पुढे एकटीच उरली.

ती तळ्यावर गेली, कासवीण वैद्याकडे. कासविणीला घाई माहीत नाही. तिनं डाग चारी बाजूंनी पाहिला.

"कधीपासून आहे?"

"दोन उन्हाळे झाले असतील. आधी कुणाचं लक्ष नव्हतं."

"वाढतो? रंग बदलतो? आपोआप रक्त येतं?"

"छे हो."

"कड गोल, रंग एकसारखा. उन्हात जन्म घालवलास, त्याचा डाग आहे हा. काही करू नकोस. वाढला, कड वेडीवाकडी झाली, चिघळला, तर त्याच दिवशी ये."

"आणि औषध?"

"नाही."

"पथ्य तरी?"

"हात लावू नकोस."

चंद्राक्काला असा राग आला म्हणता! एवढी उन्हातान्हाची आले आणि बाईनं साधी पुडीसुद्धा दिली नाही!

मग ती गेली कोल्ह्याकडे. कोल्ह्यानं डोळे मिटले, "बापरे!" म्हणाला आणि बिब्ब्याचं तेल फासलं. संध्याकाळपर्यंत गाल टम्म फुगला, कातडं सोललं. टोळीनं तिला वेगळ्या झाडावर बसवलं. वेचायला कुणी नाही, हात रिकामे. मग ती स्वतःचीच खपली उचकटत बसायची.

शेवटी मान खाली घालून पुन्हा तळ्यावर.

"डाग होता तस्साच आहे," कासवीण म्हणाली. "कोल्ह्यानं डोळे मिटून लावलं, नेम चुकला. जखम शेजारी झालीय."

या वेळी तिनं पळसाचं पान घेतलं, वेलीनं गालाला बांधलं आणि टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "एकवीस दिवस! मध्ये कुणी बोट लावलं, तर त्याचं शेपूट गळेल!"

सगळ्यांनी आपापली शेपटं पोटाशी धरली. चंद्राक्कानंही.

एकविसाव्या दिवशी पान सोडलं. गाल बरा झाला होता. डाग जागच्या जागी होता.

हौसानं निरखून पाहिलं. "पान बांधलेला डाग आहे बाई हा. आता कसली भीती!" असं म्हणत ती चंद्राक्काच्या मागे बसली आणि उवा वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर ही रांग! ज्यांच्या अंगावर एक डाग नव्हता, त्यांनाही पान हवं होतं.

तात्पर्य: नवा डाग दिसला, तर जाणत्याला दाखवावा. तो "काही नाही" म्हणाला, तर त्याच्यावर रागवावं आणि न बघताच ज्याला सगळं दिसतं, त्याच्याकडे जावं. आणि वैद्यांनो, तुम्हीही नुसतं खरं सांगून माणसाला रिकाम्या हातानं घरी पाठवू नका. वर एखादं पान बांधा.