हवालदार पाहुण्यांना भितो

दामूकाकांच्या घरी कुणीही गेलं की फाटकाशीच पहिला प्रश्न येतो, "काम काय?" मागे एका संक्रांतीला मी तिळगुळाची वाटी घेऊन गेले, तेव्हाही तो आला.

"तिळगूळ आणलाय, काका."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. दुसरं कोण राहतं इथं?"

"मग हात आत कर. तितनंच दे."

मी गजांमधून वाटी दिली. 'गोड बोला' अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. माझं तोंड तसं फटकळ, पण सणासुदीला आवरते.

काकांची सगळी नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या गेटवर गेली. माणूस दिसला की अडवायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं. मूळ गाव पाम, तिथे भाऊ वाडी सांभाळतो. काकांनी घर बांधलं ते इथे सरावलीत, बरोबर आमच्या समोर. काकू होत्या तोवर निभावलं. काका फाटकात चौकशी करत असायचे आणि आतून काकूंची हाक यायची, "अवो, येऊ द्या तिला, चाय टाकलीय!" काकू गेल्या आणि लोकांचं जाणं-येणं थांबलं. नुसतं बसायला येणं हे काकांच्या लेखी काम नव्हतं, आणि दुसरं काम कुणाला सुचत नव्हतं.

पुढे काका निवृत्त झाले. कारखान्याने शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी तिथून आपणहून एक कुत्रा आणला. गेटवरच वाढलेला, कुणा ट्रकवाल्याने सळईने झोडपलेला. "आमी दोगं एकदमच रिटायर झालो," काका सांगायचे. नाव ठेवलं हवालदार. इतका भित्रा हवालदार मी जन्मात पाहिला नाही. अनोळखी पाऊल वाजलं की मोरीत पळायचा, पाण्याच्या पिंपामागे अंग चोरून बसायचा आणि थरथरत तिथेच मुतायचा. कुणी वाकून लाडाने "यू यू" केलं तर दात दाखवायचा.

हे असंच चालू राहिलं असतं, पण वैशालीला दिवस गेले. वैशाली म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, डहाणूला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सगळं करायला पामची भावजय येणार, हेही ठरलं होतं. तेवढ्यात वैशालीच्या सासूबाईंचा फोन आला. बाळाला बघायला माणसं येणार, आणि माणूस दिसला की बिथरणारा कुत्रा घरात असेल तर आम्ही सून पाठवणार नाही. बाई काही चुकीचं बोलत नव्हत्या. भावाने लगेच तोडगा काढला, कुत्र्याला वाडीत सोडा.

काका मला म्हणाले, "पोरगी पण येणार आनि कुत्रा पण ऱ्हाणार."

"ते कसं?"

"ट्रेनिंग."

"काका, ट्रेनिंगला पाहुणे लागतील. तुमच्याकडे येतं कोण?"

मी बोलून गेले आणि जीभ चावली. काकांनी रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाय येत ना? मग आणू."

ते पालघरला जाऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आले. बाईंनी सांगितलं, कुत्र्यावर जबरदस्ती करायची नाही. त्याला लपायची जागा राहू द्या. पाहुण्याने त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, खाऊ लांब टाकायचा आणि गप्प बसायचं. कुत्रा आपणहून जवळ येईल तेव्हा येईल. काकांना हे फार पटलं. पाहुण्याने काय काय करायचं नाही, हे सांगण्यात तर त्यांची हयात गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघते तर काका फाटक सताड उघडं टाकून रस्त्यात उभे. पाळी संपवून खोल्यांवर परतणारे कामगार समोरून जातात, त्यातल्या एकाचं मनगटच त्यांनी धरलं.

"ए भाय, पाच मिनिट अंदर आव. चाय पीव."

"चाचा, काम क्या है?" त्याने घाबरून विचारलं. काकांना हा प्रश्न विचारणारा मी पहिलाच माणूस पाहिला.

"कुत्ते के तरफ देखने का नाय. बोलने का नाय. बोंबील दूर फेकने का, और चाय पीने का."

"काटेगा तो नहीं?"

"काटता तो तुमको बुलाता क्या? डरता हाय!"

मग हे रोजचंच झालं. शिफ्ट सुटली की काकांच्या ओट्यावर माणसं ओळीने भिंतीकडे तोंड करून चहा पीत बसलेली. एक शाकाहारी निघाला. त्याने सुका बोंबील गमछ्यात धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत फेकला. काका रस्त्यापलीकडून मला ओरडून खबर द्यायचे. "बाय, आज नाक भायेर काडलं!" "आज उंबऱ्यापर्यंत आला!" आणि एके दिवशी, "आज हातातनं खाल्लंन!" त्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. परीक्षा म्हणून.

मी नियमाप्रमाणे मान फिरवून आत गेले. हवालदाराने मला पाहिलं आणि थेट पिंपामागे. काकांचा चेहरा उतरला. इतका उतरला की मला टोमणाही सुचेना. दुसऱ्या दिवशी तर वैशालीचे सासू-सासरे घर बघायला यायचे होते.

तेवढ्यात एक कामगार आला आणि हवालदार शेपटी हलवत बाहेर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आलेला प्रत्येक पाहुणा कारखान्यातून थेट, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आला होता. हवालदाराने आपल्यापुरता निष्कर्ष काढला होता, हेल्मेटवाला तो आपला, बाकी सगळे ट्रकवाले!

"काका, आता?"

"आता काय? पावण्यांना हेल्मेट घालू."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी व्याही-विहीणबाई रिक्षातून उतरले, तेव्हा काका दोन हातांत दोन उसनी हेल्मेटं घेऊन उभे. विहीणबाई जरीच्या साडीत, अंबाड्यावर गजरा.

"हे काय?"

"ताई, एवडं घाला. माजी पोरगी पण माजी हाय, आनि ह्यो पण माजाच हाय. दोगांतलं एक निवडायला लावू नका."

काकांनी दोन्ही हेल्मेटं पुढे धरली. व्याह्यांनी गुपचूप हेल्मेट चढवलं. विहीणबाईंचं काही केल्या अंबाड्यावर बसेना, शेवटी त्यांनी गजरा काढून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला. दोघं भिंतीकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने हवालदार आला, त्याने विहीणबाईंचा पाय हुंगला आणि शेजारी बसला. बाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि हेल्मेटसकट इतक्या हसल्या की विचारू नका. "पाठवते हो वैशालीला," म्हणाल्या.

पुढे काकांनी पाहुण्यांना हेल्मेट आधी मांडीवर घ्यायला लावलं, मग बाजूला ठेवायला. माणूस तोच राहतो, हे हवालदाराला हळूहळू पटलं. वैशालीला मुलगी झाली. बारशाला घर माणसांनी भरलं आणि हवालदार पाळण्याखाली पाय पसरून पडून राहिला. त्या दिवशी काका पेढे कमी आणि हवालदारच जास्त दाखवत होते.

मग रिवाजाप्रमाणे वैशाली बाळाला घेऊन सासरी गेली. भावजय पामला गेली. कामगारांनाही आता कुणी थांबवत नव्हतं.

परवा संध्याकाळी भाजी घेऊन येताना काकांनी मला हाक मारली. "बाय, जरा बसतेस? माणसं यायची थांबली तर ह्याची सवय मोडंल. डॉक्टरीण बोलली हाय."

मी बसले. काकांनी चहा केला. साखर नको इतकी घातली होती. मग बोलायला लागले. काकू नारळाच्या वड्या कशा थापायच्या, घराचं दार कधी लावूच द्यायच्या नाहीत, त्यावरून दोघं कसे भांडायचे. दवाखान्यात शेवटी काकूंनी यांचा हात धरला आणि यांना काय बोलावं ते सुचलंच नाही, हेही सांगितलं. त्यांच्या तोंडून काकूंबद्दल एवढं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"नातीचे कान तिच्यासारके हायत," ते म्हणाले. "वैशालीला नाय बोललो. रडंल ती."

भाजीची पिशवी तशीच खाली पडली होती आणि बाहेर अंधारायला लागलं होतं.

"उद्या पण ये हां," काका म्हणाले. "कुत्र्याची सवय मोडायला नको."

"येते," मी म्हटलं. हवालदार माझ्या पावलावर हनुवटी टेकून केव्हाचा घोरत होता.