नंबर ४१७६

माणूस चुकेल, पण माझं स्टोअर चुकणार नाही! एकोणीस वर्षं मी या वैमानिक शाळेच्या हँगरात सुट्या भागांचं स्टोअर सांभाळतोय. साधा वॉशरसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही. म्हणून सोमवारी सकाळी विमानाचा ऑइल कूलर गळायला लागला तेव्हा सगळे घाबरले, मी मात्र आधी चहा संपवला.

ऑइल कूलर म्हणजे इंजिनाचं तापलेलं तेल गार करणारी जाळी. दिसायला रेडिएटरच्या धाकट्या भावासारखी. ती बदलली की काम संपलं. पण अडचण अशी की शाळेकडे विमान एकच, आणि गुरुवारी माझ्या भाचीची परवान्याची परीक्षा. परीक्षक येणार तीन महिन्यांतून एकदा.

"मामा, मी गुरुवारी उडणार ना?" भाचीने विचारलं.

"उडणार म्हणजे? मामा बसलाय इथे!"

"तीच तर काळजी आहे," तिचे वडील म्हणाले. म्हणजे आमचे दाजी, हँगरचे मुख्य मेकॅनिक. बहीण देताना आम्ही माणूस नीट पारखला होता, जीभ पारखायची राहून गेली. "मेव्हणे, इंजिनाचा नंबर घ्या आणि पुस्तकात बघा, कोणता कूलर लागतो ते."

"पुस्तक कशाला? जुन्या कूलरवर नंबर असतोच की!"

खरं सांगायचं तर ते जाडजूड पुस्तक गेली सहा वर्षं माझ्या कपाटाच्या चौथ्या पायाचं काम करत होतं. ते काढलं असतं तर कपाट माझ्या अंगावर आलं असतं.

मी जुना कूलर पुसला. पट्टीवर ठसठशीत नंबर: ४१७६. पुरवठादाराच्या बाईंना फोन लावला.

"चार, एक, सात, सहा! उद्याच्या उद्या!"

"खात्री आहे ना? कंपनीचे नंबर जरा लांबलचक असतात."

"बाई, एकोणीस वर्षं!"

मंगळवारी दुपारी खोकं आलं. भलं मोठं! एवढ्या खोक्यात कूलर म्हणजे राजवाड्यात उंदीर. दाजींनी ते उघडलं आणि आत डोकावले.

"मेव्हणे," ते म्हणाले, "यातून तेल गार कसं करायचं, तेवढं सांगा."

आत मोठ्या प्रवासी विमानाच्या संडासाची सीट होती. झाकणासकट!

"राहू दे बाबा," भाची म्हणाली, "परीक्षकांना बसायला होईल." ती हसली खरी, पण डोळे पाण्याने भरले होते.

मी तावातावाने फोन लावला. "बाई, तुम्ही काय पाठवलंत?"

"४१७६. आमच्या यादीत हा नंबर सीटचाच. तुम्ही तो तीनदा सांगितलात, तिसऱ्यांदा तर ओरडून!"

आता मात्र माझी मती गुंग झाली. कूलरवर संडासाचा नंबर कसा? की संडासावर कूलरचा? मी दोन्ही वस्तू शेजारी ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत बसलो. दाजींनी चष्मा लावला आणि कूलरची पट्टी उजेडात धरली.

"या नंबराखाली अजून एक नंबर आहे. कुणीतरी त्याच्यावरच ठोकून ठसा मारलाय, खालचा वाचताच येत नाही."

"कोण हा मूर्ख?"

दाजींनी माझ्या टेबलाकडे बघितलं. तिथे माझे लाडके पोलादी ठसे आणि हातोडी ठेवलेली. स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मी माझा नंबर ठोकतो. शिस्त म्हणजे शिस्त! रॅक चार, खण सतरा, वस्तू सहावी. चार, सतरा, सहा...

"माझ्या रजिस्टरमध्ये सगळं आहे!" मी ओरडलो आणि रजिस्टर उघडलं. वस्तू सहावी: 'ऑइल कूलर, वरीलप्रमाणे.' वर गेलो. वस्तू पाचवी: 'वरीलप्रमाणे.' चौथी, वरीलप्रमाणे. तिसरी, वरीलप्रमाणे. दुसरी, वरीलप्रमाणे! घाम पुसत पहिल्या नोंदीवर पोचलो. तिथे माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'ऑइल कूलर, नेहमीचा.'

भाचीने ते वाचलं. ती थेट कपाटापाशी गेली आणि खांदा लावून उभी राहिली. "बाबा, काढा पुस्तक."

दाजींनी पुस्तक ओढलं. कपाट कलंडलं, बाराशे वॉशर हँगरभर पळाले. बापलेकींनी इंजिनाचा नंबर बघितला, पान उलटलं, कूलरचा नंबर सापडला. चार मिनिटं! मी तोपर्यंत वॉशर वेचत होतो, कारण त्या क्षणी जमिनीकडे बघायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

बुधवारी सकाळी खरा कूलर आला. पट्टी कोरी करकरीत, नंबर लांबलचक. माझा हात सवयीने हातोडीकडे गेला.

"मेव्हणे!"

हातोडी आता दाजींच्या पेटीत असते.

गुरुवारी भाची उडाली आणि पासही झाली. उड्डाणाआधी परीक्षकांनी तोंडी प्रश्न विचारले. मी दाराआड उभा होतो.

"ऑइल कूलर बदलायचा झाला, तर त्याचा नंबर कुठे सापडेल?"

"सर, बाकीच्या हँगरांत पट्टीवर," भाची म्हणाली. "आमच्याकडे, मामाच्या नंबराखाली."

परीक्षकांनी हे उत्तर लिहून घेतलं. त्यांनी पुढे 'वरीलप्रमाणे' लिहिलं नसावं, एवढीच आशा.