अर्धी अर्धी मालिका

बेकरीवाल्याने आठ वर्षांत बोका-मैनेच्या मालिकेचा एकही भाग शेवटपर्यंत पाहिला नव्हता, आणि त्याच्या बायकोने एकही भाग सुरुवातीपासून पाहिला नव्हता. तरीही या मालिकेचे आपल्याइतके पक्के चाहते अख्ख्या गावात नाहीत, असं दोघांनाही मनापासून वाटायचं.

त्याला पहाटे भट्टी पेटवायची असे, म्हणून मध्यंतराच्या जाहिराती लागल्या की त्याचे डोळे मिटू लागत. ती औषधाच्या दुकानात दुपारनंतरच्या पाळीला; ती घरी येऊन चपला काढायची तेव्हा मध्यंतर संपत आलेलं असे. तो उठून आत झोपायला जाई आणि ती त्याच्या उबेच्या जागेवर बसे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बेकरीतून यायचा, तिची निघायची वेळ व्हायची, आणि मधल्या चहाला तो तिला पहिला अर्धा भाग सांगायचा, ती त्याला दुसरा. मोबाइलवर अख्खा भाग केव्हाही बघता आला असता. पण तसं करायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं.

शेवटच्या सीझनमध्ये बोका आणि मैना हे मालिकेतलं जोडपं भांडायला लागलं. आधी ओल्या टॉवेलवरून, मग पाहुण्यांवरून, मग कशावरूनही. बेकरीवाल्याला ते बघवेना. बायको दमून येते, तिला हे कशाला सांगा, म्हणून तो म्हणायचा, "अगं, काल काय हसलो! बोक्याने ऑम्लेट करपवलं." ऑम्लेट करपलं होतं हे खरं. मैनेने ते ताटलीसकट खिडकीतून भिरकावलं, तेवढंच तो गाळायचा. बायकोही मग म्हणायची, "पुढे झालं की सगळं गोड." गोड काहीच झालेलं नसायचं.

शेवटून दुसऱ्या भागात मैना सूटकेस भरून घराबाहेर पडली. बायको चहात साखर ढवळत म्हणाली, "सूटकेस घेतली आणि निघाले दोघं सहलीला."

"कुठे?"

"समुद्रावर." तिला तेवढंच सुचलं.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण शेवटचा भाग एकत्र बघायला जमणाऱ्या चाहत्यांनी त्याच्याच बेकरीत केक सांगितला. गल्ल्यावरच्या मावशींनी निरोप दिला, "दोन अर्धे केक हवेत म्हणे. एकावर बोका, एकावर मैना. एकमेकांकडे पाठ करून."

"पाठ करून? मावशी, या लोकांनी मागचा भाग पाहिलेला दिसत नाही."

"मला काय ठाऊक! मी बातम्या बघते."

बेकरीवाल्याला त्या अडाणी चाहत्यांची दया आली. त्याने स्वतःच्या अधिकारात ऑर्डर सुधारली. एकच गोल केक, साखरेचा बोका, साखरेची मैना, हातात हात, पायाशी सूटकेस, भोवती निळ्या आयसिंगचा समुद्र, आणि वर झोकदार अक्षरांत 'सुखाचा प्रवास'.

केक न्यायला निवृत्त पोस्टमास्तर आणि शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. मैनेने परत यावं म्हणणाऱ्यांचे पोस्टमास्तर पुढारी. तिने बरं केलं म्हणणाऱ्यांच्या ताई. खोक्याचं झाकण उघडलं आणि पोस्टमास्तरांचा चेहरा लालबुंद झाला.

"बाई घर सोडून गेली आणि तुम्ही तिला सुखाचा प्रवास म्हणता? काळीज आहे का तुम्हाला?"

"बरोबरच लिहिलंय!" ताई म्हणाल्या. "त्याने परगावची नोकरी धरली, घरात एका शब्दाने सांगितलं नाही. जाऊ दे तिला सुखानं!" मग त्यांना ते गुंफलेले हात दिसले. "अहो, पण हा मेला कशाला चाललाय तिच्याबरोबर?"

"सहलीला," बेकरीवाला म्हणाला.

"तुम्ही मालिका बघता तरी का?"

"पहिल्या दिवसापासून!"

"मग त्या वेळी काय झोपा काढत होतात?"

याला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. पोस्टमास्तरांनी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. मैना एकटीच जिन्यावरून सूटकेस ओढत उतरत होती. कुठेही समुद्र नव्हता.

"मी जेवताना त्यांच्याशी बोलतो हो," पोस्टमास्तर एकदम हळू आवाजात म्हणाले. "घरात दुसरं आहे कोण? म्हणून म्हणतो, परत ये."

"मी म्हणते, नको येऊस," ताई म्हणाल्या. "मी आले होते परत."

मावशींनी पाव कापायच्या सुरीने केक मधोमध कापला. सूटकेस कुणाच्या वाट्याला, यावर मात्र पुन्हा जुंपली.

बेकरीवाला घरी पोचायच्या आत केकचा फोटो बायकोच्या मोबाइलवर पोचला होता.

"समुद्रावर, नाही का?" तो दारातूनच म्हणाला.

"आणि तुमचं ऑम्लेट? खिडकीतून गेलं ना ते? मला गिऱ्हाइकांनी केव्हाच सांगितलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं हसून सांगत होतात."

तो खुर्चीवर बसला. "आपण एकमेकांना आणखी काय काय गाळून सांगतो गं?"

तिने दुकानात फोन लावून रजा मागितली. त्या संध्याकाळी दोघं पहिल्यांदाच एका भागाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसले. तो डोळ्यांना पाणी लावून जागा राहिला, तिला ते लावावं लागलं नाही. बोका आणि मैना वेगळे झाले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. बोक्याने तिची छत्री आठवणीने दिली, आणि नावं वर सरकू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा झाला, आणि सांगायला काहीच नव्हतं.

"पाहिलंसच तू," तो म्हणाला.

"तुम्हीही पाहिलंत."

चहावर साय धरली. तो बशीकडे बघत म्हणाला, "कणीक मळताना माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात."

"कधीपासून?"

"बोका-मैनेचं लग्न झालं तेव्हापासून."

"तो तिसरा सीझन होता!" ती ओरडलीच. "अहो, औषधाच्या दुकानात काम करते मी! जगाची दुखणी ऐकते. मला सांगता आलं नाही?"

"तू दमून येतेस म्हणून..."

"गप्प बसा. उद्या डॉक्टर." तिने त्याचा हात ओढून घेतला, बोटं एकेक दाबून पाहिली आणि मग सोडायचा विसरलीच. "मला सकाळची पाळी देत होते. मागच्या वर्षी."

"म्हणजे संध्याकाळी घरी?"

"हो."

"मग घेतली का नाहीस?"

"मग ही दुपार गेली असती. तुम्ही गोष्ट कुणाला सांगितली असती?"

बेकरीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, अख्खी एकत्रच पाहिली असती. आता माग की."

"आता ती नव्या मुलीला दिली. तिचं तान्हं आहे घरी. कुठल्या तोंडाने मागू?"

तिने पर्स उचलली. दुपारची झोप हे त्याच्या घरातलं देवपूजेसारखं काम. पण आज त्याने पायात चपला सरकवल्या.

"तुम्ही कुठे?"

"सोडायला येतो."

दोघं निघाले. सांगायचं आठ वर्षांचं होतं, आणि औषधाचं दुकान दोन गल्ल्या सोडून.