दामूकाकांचं टँकरचं माप

आमच्या शेजारच्या दामूकाकांना चहा दिला की ते कप उजेडात धरून विचारतात, "अर्धं पिंप पाजतेस काय, बाय?" चहाचा मळा, ऊस आणि म्हशीचा चारा यांनी मिळून जेवढं पाणी प्यायलं, ते सगळं त्या कपात आहे असा त्यांचा हिशेब. आपला घोट घशातच अडकतो. स्वतः मात्र फुर्र करून चहा संपवतात. म्हणे, "आता वाया कशाला घालवायचा?"

वसईत आमच्या सोसायटीला पाणी टँकरने येतं, म्हणून काकांचं मोठं माप टँकर. माझ्या मुलाने नवी जीन्स घातली तर कौतुक राहिलं बाजूला, "टँकर घालून कुठे निघालास रे?" तिसऱ्या मजल्यावरच्यांकडच्या लग्नात शालूतल्या नवरीला आशीर्वाद दिला, "सुखी राहा. अंगावर टँकर हाय, जपून चाल." मुलीची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

मटण त्यांनी सोडलं, कारण बोकडाने जन्मभर खाल्लेल्या पाल्याचंही पाणी ते धरतात. पापलेट मात्र चालतं. "तो पाण्यातच राहतो, त्याला कोण पाणी घालतंय?" जिभेपुढे शास्त्र इतकं नमतं घेतं, हे मला त्यांच्याकडेच कळलं.

आणि या गृहस्थांनी सोसायटीच्या आवारात केळ लावली! टँकरचं पाणी रोज बादलीने तिच्या मुळाशी. त्याआधी बादलीत बोट बुडवून, आमटीचं मीठ बघावं तसं चाखणार. शेवटी ती तोडायचा विषय मिटिंगला आला. मला तर संधीच हवी होती.

"काका, हिच्या घडात किती टँकर?"

सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाले, "रविवारी माणूस बोलावतो."

"हिचं मी मोजत नाय," काका खाली बघत म्हणाले. "सांडोरला आमची वाडी होती. तिथून आणलेला हा शेवटचा मुनवा."

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू.

"विहीर गोड होती आमची. टँकरवाले आले, मी पंप लावून दिला. उपसता उपसता विहीर खारी झाली. केळी उभ्या जळल्या. मीच जाळल्या त्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तेव्हा मोजायला पायजे होतं, बाय. तेव्हा एक बादली मोजली नाय."

माझं हसू तोंडातच विरलं. सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि लिफ्टचा विषय काढला. रविवारी माणूस काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन खाली गेले. काका केळीपाशीच होते. मी पातेलं पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

"गोड हाय," ते म्हणाले, आणि पातेलं माझ्याच हातात परत दिलं. "घाल तू."