बंदराकडे पाठ

नळ कुणाचाही असो, ठिबकताना ऐकू आला की लिंबाजीराव आत शिरून तो बंद करत. लग्नघरी, दवाखान्यात, आणि एकदा तर परक्याच्या न्हाणीघरात, आत माणूस अंघोळ करत असताना.

गारखेड्यात आम्ही शेजारी. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, आठवड्यातून एकदा आले तरी नशीब. लिंबाजीरावांचे पंचांग त्यावरच चाले. बारसे असो की बारावे, "पाण्याचा दिवस हाय, जमणार नाय," हे उत्तर ठरलेले. सरूवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, एकदा समुद्र बघायचा होता. "येवढं पाणी भरून घेऊ, मग जाऊ," म्हणता म्हणता वहिनीच गेल्या.

पुढे मीच त्यांना ओढून रत्नागिरीला नेले. माझ्या सुनेने त्यांची टाकी भरून ठेवायची शपथ घेतली, तेव्हा कुठे ते गाडीत बसले.

तिथे टेकडीवर एक उतरती गल्ली आहे. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्हीकडे कौलारू घरे आणि खाली अख्खे बंदर. लिंबाजीरावांनी वाटेतल्या एका अंगणात शिरून नळ आवळला.

"कोण हवंय तुम्हाला?" घरातल्या बाई बाहेर आल्या.

"कुणी नाय ताई. तुमचं पाणी चाललं व्हतं."

मग ते कठड्यावर बसले, ते थेट बंदराकडे पाठ करून.

हा किस्सा मी कॉलनीत कितीदा तरी रंगवला. "गडी समुद्रापर्यंत गेला आणि नळ बघून आला!" लोक पोट धरून हसत. लिंबाजीरावही हसत. पुढचे मात्र मी कधीच सांगितले नाही.

"अहो, वळा की!" मी म्हणालो होतो.

"नाय. दोघांनी मिळून बघायचं ठरलं व्हतं. तुम्ही बघा अन् मला सांगा."

मला भूक लागली होती. "पाणी आहे, होड्या आहेत. चला जेवायला."

"व्हय का," म्हणून ते उठले आणि पायऱ्या चढू लागले.

परवा पाण्याच्या दिवशी ते टाकीत पाईप सोडून बसले होते. मी स्टूल ओढले. "लिंबाजीराव, त्या दिवशी मी नीट सांगितलंच नाही." मग सगळे सांगितले. निळ्या-हिरव्या होड्या, काठ्यांवर फडफडणारे झेंडे, वाळत घातलेली जाळी, लांबवर पाण्यात सांडलेले ऊन.

टाकी भरली. पाणी अंगणात आले, माझ्या चपलांपर्यंत आले. मी नळ बंद करायला उठलो, तर त्यांनी हात धरून बसवले.

"राहू द्या," ते म्हणाले. "होड्यांचं परत सांगा."