दोन क्रेनचा उपाय

औषधांच्या दुकानात काका आ वासून उभे होते. चार दिवस पोट साफ झालं नव्हतं, आणि तेवढ्या एका अडलेल्या कामासाठी माणसाने किती डोकं लढवलंय ते समोर काउंटरवर मांडलेलं होतं. गोळ्या, सिरप, पाण्यात ढवळायची पावडर आणि मेणासारखी एक कांडी.

"ही कांडी गिळायची कशी?"

दुकानातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गिळायची नाही. खालून सरकवायची."

"खालून!" काकांच्या आवाजात भक्तिभाव उतरला.

काका बांधकामावर टॉवर क्रेन चालवत. सकाळी आठला शिडी चढायची ती जेवायलाच उतरायची. वरच्या केबिनमध्ये खुर्ची होती, पंखा होता, बाकी सोय नव्हती. त्यात उद्या खुद्द मालक येणार होते. भलीमोठी अखंड काच बाराव्या मजल्यावर चढवायची होती आणि ती धड बसली तर शेजारची नवी क्रेन काकांना मिळणार होती. तिला शिडी नव्हती, लिफ्ट होती. काकांचे गुडघे दोन वर्षं त्या लिफ्टकडे डोळे लावून बसले होते.

"कशाला किती वेळ लागतो?"

"कांडीला अर्धा-पाऊण तास, गोळीला आठ-दहा तास, पावडरला दोन-तीन दिवस. पण एकच घ्या हं, काका."

काकांनी मान डोलावली आणि गोळी, कांडी दोन्ही घेतल्या. बोजा एका क्रेनला हलत नसेल तर दोन जोडायच्या, हा धंद्यातला पहिला धडा होता.

"दोन्ही?" घरी बायको म्हणाली. "अहो, पोट आहे की पूल?"

"तुला बोज्यातलं काय कळतं!"

झोपताना गोळी झाली, पहाटे कांडी झाली. काका बसले, उठले, फेऱ्या मारल्या. पोट ढिम्म. शेवटी हताश होऊन ते शिडी चढले.

साडेआठला काच जमिनीवरून सुटली आणि नेमका तेव्हाच आत खोलवर गडगडाट झाला. काका थक्क झाले. वाटाण्याएवढी गोळी, बोटभर कांडी, आणि दोघींनी मिळून चार दिवसांचा डोंगर हलवला होता! धन्य ते औषध शोधणारे, असं त्यांना मनापासून वाटलं. फक्त वेळ चुकली होती.

"काका, सावकाश! मालक बघतायत," वॉकीटॉकीवर खालचा सिग्नलवाला ओरडला.

"सावकाश जमायचं नाही."

"का? वर वारा आहे का?"

"आहे," काका दात आवळून म्हणाले.

काच सरळ वर गेली, एकदाही न डुलता वळली आणि अलगद जागेवर बसली. पाऊण तासाचं काम सात मिनिटांत झालं. काकांचा हात जराही हलला नाही, कारण हलणं परवडणारच नव्हतं. खाली सगळे माना वर करून उभे होते. मग काका गुडघे विसरून शिडी उतरले आणि टाळ्यांच्या कडकडाटातून थेट पत्र्याच्या संडासात शिरले.

मालक भारावून दारापर्यंत आले, मागे इंजिनिअर.

"काका, असं काम जन्मात पाहिलं नाही! बाहेर या."

"आत्ता नको, साहेब."

"बघा! कौतुक ऐकायलाही थांबला नाही हा माणूस." मालक इंजिनिअरला म्हणाले आणि दाराकडे वळले. "काका, काय हवं ते मागा. आत्ता मागाल ते दिलं!"

आत काकांच्या डोळ्यांसमोर लिफ्ट आली. त्यांनी तोंड उघडलं आणि सहज हात लांबवून नळ फिरवला. नळ नुसता सूं करून गप्प झाला.

त्यांनी बादलीत पाहिलं, तीही कोरडी होती. मग दारामागून खोल गेलेला आवाज आला, "साहेब, एक बादली पाणी."

मालकांनी डोळे पुसले. "जग मागता आलं असतं, आणि मागितलं काय, तर पाणी! अशा माणसाला आपण क्रेनचं आमिष दाखवत होतो? ती दुसऱ्या कुणाला द्या. यांचा अपमान नको."

आतून काकांनी जिवाच्या आकांताने दार बडवलं.

"आणतोय, काका, पाणी आणतोय!" इंजिनिअर आदराने म्हणाले.